भुकटी थकली नव्हती

मुलं मार्गी लागल्यावर बाई पुन्हा प्रयोगशाळेची पायरी चढल्या. कापडाच्या रंगाचं सांडपाणी घ्यायचं, त्यात लोहाची काळी भुकटी टाकायची आणि वर एलईडीचा दिवा लावायचा. उजेडाच्या जोरावर भुकटी काम करी आणि हळूहळू रंग विरून पाणी नितळ होई. मग बाटलीला बाहेरून चुंबक लावलं, की भुकटी काचेला चिकटायची. पाणी ओतायचं, भुकटी धुऊन पुन्हा वापरायची. ती किती खेपा टिकते, यावरच सगळी मदार.

नेमकी तिथेच माशी शिंकली. सुरुवातीला झकास चाललेली भुकटी पुढे पुढे ढिम्म झाली. पाणी रंगीतच राही. बाईंनी ती परत परत धुतली, वाळवली, फरक शून्य. ताडून बघायला ताजी भुकटीही उरली नव्हती.

"थकली ती," प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले. "नाद सोडा आता."

दुपारी डबा खाताना बाईंनी शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीला हे सांगितलं. मैत्रीण दिव्यांचा उजेड मोजायची.

"दिवा तपासलास?" तिने विचारलं.

"पेटतो की."

"अगं, पेटतो ते मलाही दिसतं. किती पेटतो?"

डबा तसाच टाकून तिने दिवा उचलला. तिच्याकडे आतून पांढराशुभ्र असा मोठा पोकळ गोळा होता. त्यात ठेवलेल्या दिव्याचा चहूकडचा उजेड एकत्र मोजता येई. दिवा लावला आणि आकडा घसरत घसरत निम्म्यावर आला. दिव्यामागचा चिमुकला पंखा धुळीने जाम झाला होता. दिवा तापून मंदावत होता, आणि डोळ्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

पंखा बदलला. भुकटी तीच, पण संध्याकाळपर्यंत पाणी आरपार दिसू लागलं.

"तुझे उपकार कसे फेडू गं?"

"वेडी आहेस का? चल, हात धू, काळे झालेत."

सर आले, बाटली उजेडात धरून म्हणाले, "मी घाई केली, बाई."

बाईंना त्यांचा राग नव्हताच. या वयात दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नसतं. त्यांनी बसायला टेबल दिलं होतं. तेच बोलून दाखवावं असं मनात आलं, पण "चहा घेता का, सर?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि तिघांसाठी कप विसळायला घेतले.