नीमसारला जाणारा शांत रस्ता

आयुष्यात मी एकच रस्ता रोको यशस्वी केला, आणि त्यात अडकलेल्यांपैकी तिघे माझ्याच घरचे होते.

माझं नाव मृदुला. (नाव ठेवताना आईबाबांना काहीच अंदाज नव्हता. मी त्यांना माफ केलंय.) वय तेवीस, कॉलेज संपलेलं, आणि सायकलवाल्यालाही लखनौमध्ये माणूस समजावं अशी मोहीम आम्ही सहा-सात जण चालवत होतो. मोहीम म्हणजे मुख्यतः पत्रकं. शहरात सायकलींसाठी म्हणून रंगवलेली एक पट्टी होती. तिच्यावर पानी के बताशेवाल्याचा, म्हणजे आपल्या पाणीपुरीवाल्याचा ठेला, ठेल्याभोवती बताशे खाणारे, आणि त्यांच्यामागे त्यांच्या मोटारी, अशी तीन थरांची वस्ती होती. सायकल तेवढी नव्हती! मी तिथे उभी राहून पत्रकं वाटायचे. लोक फार अदबीने घ्यायचे, "बहुत अच्छा काम कर रही हैं आप" म्हणायचे, आणि त्याच कागदाला हाताचं चिंचेचं पाणी पुसायचे.

बाबा बँकेत. मूळचे शिरोळ तालुक्यातले, बदल्या होत होत लखनौच्या विकास नगरला टेकलेले. त्यांच्या मते मोहीम ही रविवारची गोष्ट होती. सोमवार ते शनिवार माणसाने काहीतरी करायला हवं. काहीतरी म्हणजे बँकेची परीक्षा. आलमबागमधल्या एका क्लासचा फॉर्म त्यांनी परस्पर आणला होता आणि माझ्या सहीच्या जागी पेन्सिलने बारीक फुली मारून ठेवली होती. बँकेत म्हाताऱ्या खातेदारांना दाखवतात ना, इथे करा, तशी!

त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाची सहल नीमसारला ठरली. नीमसार म्हणजे नैमिषारण्य, आमच्या घरापासून ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटर. डिसेंबरातला रविवार, सगळे बसने, दुपारी एक वाजता पंगत. बाबांना तेव्हा नुकतीच शुगर निघाली होती, डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली होती, आणि सहा महिने कॉलनीभोवती चकरा मारून त्यांना स्वतःबद्दल बराच विश्वास आला होता. (आमच्या मोहिमेने जमवलेला हा एकमेव माणूस, आणि तोही डॉक्टरच्या चिठ्ठीवर.)

मी म्हटलं, "बाबा, आपण सायकलने जाऊ."

"हायवेने? ट्रकवाले पोचवतील की. नीमसारला नव्हे, वर."

"हायवेने नाही. शांत रस्त्याने. मी शोधते."

बाबांनी चष्मा काढला. कर्ज नामंजूर करताना काढायचे तसा. "शोध. आणि एकच्या पंगतीला आपण पाटावर असलो तर क्लासचं नाव काढणार नाही. वर्षभर वाट पत्रकं. पण नाही पोचलो, तर सोमवारी सकाळी आलमबाग. कबूल?"

"कबूल!"

"इसकी तो लग गयी," दादा म्हणाला. दादा चिनहटला एका कंपनीत होता. त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र तो हिंदीत देतो, आणि ते नेहमी टोमणाच असतं.

मी कामाला लागले. तोपर्यंत मोहिमेने मला एकच गोष्ट नीट शिकवली होती: आधी पाहणी, मग मागणी. पंधरा दिवस कॉम्प्युटरवर उपग्रहाचे फोटो बघून मी इटौंजाच्या पुढे हायवे सोडला, नहरेच्या पटरीला, म्हणजे कालव्याकाठच्या वाटेला लागले, पटरी संपली तिथून गावागावांतून जाणारा एक डांबरी रस्ता पकडला. ऑक्टोबरात एका मैत्रिणीबरोबर प्रत्यक्ष जाऊन आले. (स्कूटरवर. हे मोहिमेत कोणाला माहीत नाही.) एका पुलावर बसून आम्ही दोन तास वाहनं मोजली. सायकली एकोणीस, बैलगाड्या चार, ट्रक एक. तोही बिघडलेला होता, म्हणून मी तो धरला नाही.

घरी येऊन फोटो दाखवले. रस्ता रिकामा, आणि दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला हिरवागार ऊस. बाबांनी एक फोटो हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"अगं सुनंदा, बघ की! आपला शिरोळचा रस्ता हुबेहूब!"

आई सांगलीची. तिचेही डोळे भरून आले. "सावली किती छान पडलीये."

आता बघा. घरात दोन माणसं अशी, की ज्यांचं बालपण उसात गेलं. मी स्वतः दर दिवाळीच्या सुट्टीत उसातच वाढले. आणि आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की बाबा रे, हा ऊस ऑक्टोबरात उभा आहे, तर डिसेंबरात तो कुठे असेल?

रस्त्यावर. डिसेंबरात तो रस्त्यावर असतो.

पण ते कळायला आम्हाला सत्तावन्न किलोमीटर लागले. तोवर सगळं माझ्या नकाशाबरहुकूम. सकाळी सहाला निघालो, धुक्यात कानटोप्या घालून. पटरीवर एक चिटपाखरू नाही. बाबा तर गाणी गुणगुणत होते. मागून दादा मोटारीत आईला आणि जेवणाचे डबे घेऊन निघणार होता. (मोटारींविरुद्ध पत्रकं काढणारीच्या पाठीशी मोटार! पण आई म्हणाली होती, "यांची शुगर खाली गेली तर तुझं पत्रक खायला देऊ का?") साडेदहाला आम्ही त्या डांबरी रस्त्याला लागलो. बाबा घड्याळ बघून म्हणाले, "मृदू, पोचतोय बरं का आपण," आणि त्यांच्या आवाजात थोडी काळजीसुद्धा होती.

एका वळणावर पहिली ट्रॉली दिसली. ट्रॅक्टरला जोडलेली, उसाने अशी भरलेली की मागून ट्रॅक्टर दिसतच नव्हता. तिच्यापुढे दुसरी. तिच्यापुढे तिसरी. मग मी मोजणं सोडलं. घाईवाल्यांनी शेजारी दुसरी रांग लावली होती, म्हणजे समोरून येणाऱ्यांचाही रस्ता संपला. सगळं जागच्या जागी. कोणी उसावर झोपलेलं, कोणी विटा मांडून चहा उकळतंय. हॉर्न नाही, इंजिन नाही. इतका शांत रस्ता मी आजवर पाहिला नव्हता!

"भैया, ये लाइन कहाँ तक है?"

"मिल तक, बिटिया."

"और मिल?"

"बस, ये सामने." दूर, फार दूर, धुक्यात एक चिमणी दिसत होती. "काँटा खराब है कल साँझ से. तौल ही नहीं हो रही."

बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. "हंगाम! अगं, गाळपाचा हंगाम सुरू झालाय की!"

"मग तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"फोटोत उभा होता तो!"

आता मुद्द्याचं सांगते, कारण दोष कोणाचा हे स्पष्ट असावं. ट्रॉल्यांच्या डाव्या अंगाला हातभर मातीची पट्टी मोकळी होती. सायकल आरामात निघाली असती. बाबा म्हणालेसुद्धा, "चल, कडेकडेने काढू." वेळ हातात होता, पंगत हातात होती, वर्षभराची पत्रकं हातात होती. मी फक्त तोंड बंद ठेवून पायडल मारायचं होतं.

पण समोर अडवलेला सार्वजनिक रस्ता! आणि ऐकायला शे-दीडशे माणसं, ज्यांना दुसरीकडे कुठेही जाता येत नव्हतं! चौकात दोन वर्षं मी जे श्रोते शोधत होते ते इथे उसावर बसून मिळाले होते. मी सायकल बाबांच्या हातात दिली आणि एका ट्रॉलीच्या जोडायच्या आकड्यावर चढले.

"मृदू, नको," बाबा म्हणाले.

"भाइयो!" मी म्हणाले. "ये सड़क किसकी है?"

झोपलेले उठून बसले. "जनता की!"

"तो क्या जनता यूँ ही खड़ी रहेगी?"

"नहीं रहेगी!"

माझं पुढचं वाक्य होतं, "तो आधी सड़क छोड़िए, एक लाइन बनाइए." ते कोणी ऐकलंच नाही. जनतेने उभं न राहण्याचं ठरवलं होतं, तेव्हा जनता खाली बसली. रस्त्यावर, ट्रॉल्यांच्या पुढे, मागे, मध्ये. आणि जी हातभर मातीची पट्टी मोकळी होती, तिच्यावर कोणीतरी सतरंजी टाकली. माझ्यासाठी.

"दीदी लखनऊ से आयी हैं," एकाने दुसऱ्याला सांगितलं. "काँटा ठीक करवा के ही जायेंगी."

"मैं? नहीं, मैं तो नीमसार..."

"बैठिए दीदी, बैठिए!"

हां हां म्हणता बातमी दोन्ही बाजूंना पसरली. मोटरसायकली थांबल्या, एक बस थांबली, बसमधले उतरून मागे बसले. बाबांना लोकांनी आदराने एका खाटेवर बसवलं आणि हातात ताज्या गुळाचा खडा दिला. शुगर निघाल्यापासून घरात गूळ कुलुपात असायचा. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गुळाकडे, आणि खडा तोंडात टाकला. माझ्या आंदोलनातून कोणाला काही मिळालं असेल तर ते एवढंच.

साडेअकराला दादाची मोटार येऊन गर्दीला टेकली. तो काच खाली करून बघत राहिला. "वाह. शांत रोड."

आई उतरली आणि थेट माझ्याकडे आली. "मृदू, ऊठ आधी! एकला पंगत आहे, आणि तू काय मांडलंयस हे?"

"आई, मला उठू देत नाहीयेत!"

"माताजी भी आ गयीं!" कोणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. आईला माझ्याशेजारी सतरंजीवर बसवलं, तिची शाल नीट केली. आईला जन्मात कधी टाळ्या मिळाल्या नव्हत्या. ती जरा सावरून बसली आणि माझ्या कानात म्हणाली, "यांचं म्हणणं काय आहे पण?" पाच मिनिटांत तिला पटलंसुद्धा!

बाराच्या सुमाराला कारखान्याचा एक माणूस फाइल घेऊन चालत आला. "नेता कौन है?"

दीडशे बोटं माझ्याकडे वळली.

"जी, आपकी माँग क्या है?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला हा प्रश्न विचारत होतं, आणि लिहून घ्यायला पेनही उघडलं होतं. मी म्हटलं, "आधी सड़क खाली हो."

तो गोंधळला. "मैडम, सड़क तो आपने रोकी है."

"काँटा!" मागून लोक ओरडले. "दीदी, काँटा बोलिए!"

"हाँ, काँटा," मी म्हणाले.

"काँटे का मिस्त्री तो सुबह ही लखनऊ से चल चुका है," त्याने घाम पुसला. "दो किलोमीटर पीछे फँसा बैठा है. आपके जाम में."

दादा मोटारीच्या बॉनेटवर डोकं ठेवून हसत होता. दीडशे माणसांचा ऊस वाळत होता, कारण काटा बंद होता. काटा बंद होता, कारण मिस्त्री येत नव्हता. आणि मिस्त्री येत नव्हता, कारण त्याने यावं म्हणून मी रस्त्यावर बसले होते. सतरंजीवर!

तेव्हा बाबा खाटेवरून उठले. पेन्शनच्या दिवशी बँकेत जो आवाज लावायचे तो त्यांनी लावला. "एक-एक करके! बायीं तरफ़ की पट्टी खाली! बैठने वाले दायीं तरफ़ बैठेंगे!" आणि काय आश्चर्य, दायीं तरफ़ लोक बसले! पट्टी मोकळी झाली. पण मिस्त्रीची जीप काही तिच्यावरून येणार नव्हती. बाबांनी क्षणभर विचार केला आणि आपली सायकल एका पोराला देऊन मिस्त्रीकडे पाठवली.

विसाव्या मिनिटाला मिस्त्री आला. हँडलला अवजारांची पिशवी, मफलर मागे उडतोय, दोन किलोमीटरचा जाम कापून सुळकन आमच्यासमोरून कारखान्याकडे गेला. जिथे ट्रॅक्टर अडले, बस अडली, जीप अडली, तिथून सायकल निघून गेली. दोन वर्षं मी जे ओरडून सांगत होते ते सिद्ध झालं होतं. फक्त सीटवर चुकीचा माणूस होता, आणि बाबांकडे आता सायकल नव्हती.

काटा दीडला सुरू झाला. रांग हलायला लागली. लोकांनी "दीदी ज़िंदाबाद" म्हणत आमच्या गाडीत ऊस कोंबला. सायकल परत आली, पण चाकात हवा नव्हती. तेवढ्यात मंडळाच्या चिटणीसबाईंचा आईला फोन. "अहो, कुठे आहात? वाढपी बसले जेवायला. दोन पोळ्या ठेवू का बाजूला?"

"ठेवू नका," बाबा फोन घेऊन म्हणाले. "आमची मुलगी नेता झालीये. आम्ही इथेच जेवतो."

उसाच्या कडेला बसून आम्ही डबे उघडले. मी म्हटलं, "बाबा, काटा सुरू झाला. म्हणजे तसं बघितलं तर..."

"तसं बघितलं तर," बाबा म्हणाले, "दोन वाजलेत."

मी रविवारी संध्याकाळी त्या पेन्सिलच्या फुलीवर सही केली. सोमवारी सकाळी सायकल काढताना नकाशा उघडला, विकास नगर ते आलमबाग, आतल्या गल्ल्यांतून, कमी वर्दळीचा. बाबांनी तो हळूच माझ्या हातातून काढून घेतला.

"एवढं एकदा माझं ऐक. जिथून सगळं शहर जातंय तिथूनच जा. गर्दी आहे म्हणजे तो रस्ता कुठेतरी पोचतो तरी."

हे ऐकून मी किती संतापले असेन! त्या एका वाक्यावर मी चार पानी पत्रक काढू शकले असते. पण उशीर होत होता, म्हणून त्यांच्या रस्त्याने गेले. बस, टेम्पो, विक्रम रिक्षा, धूर, शिव्या, सगळ्यांच्या मधोमध.

पोचले. वीस मिनिटं आधी. याबद्दल बाबांना मी अजूनही माफ केलेलं नाही.