जैतूनभाभींच्या खांद्यावरचा फोन

जैतूनभाभी गेल्या हे मला नसरापूरच्या फाट्यावर कळलं. भोरच्या एसटीची वाट बघत उभी होते, तेवढ्यात आमच्या गल्लीतला रिक्षावाला थांबला. "काकू, तुमची शेजारीण गेली," एवढंच म्हणाला. त्याला महिना होऊन गेला. अजूनही दुपारी दार वाजलं की माझा हात चहाचं आधण वाढवायला जातो...

भाभींचा बांगड्यांचा धंदा. टोपली घेऊन पार आंबवड्यापर्यंत जायच्या. मुलगा सलीम दुबईला नोकरीला लागला आणि त्यानं आईला मोबाईल पाठवला, तेव्हा आमच्या गल्लीत तो कुणाकडेच नव्हता. सलीमचा फोन नेमका बांगड्या भरताना यायचा. दोन्ही हात गुंतलेले, मग फोन डाव्या खांद्यावर, त्यावर कान दाबलेला आणि गप्पा चालू! "जरा दम धर, नवरीचा हात हाय माज्या हातात," असं त्याला दटावायच्या आणि लगेच नवरीला त्याचा सलाम सांगायच्या. इतकं खूश माणूस मी फार कमी पाहिलंय.

पुढं पुण्याच्या डॉक्टरांनी मेंदूत कॅन्सरची गाठ सांगितली. डाव्याच बाजूला. झालं, सगळी गल्ली डॉक्टर झाली. "मोबाईलनंच खाल्लं तिला," असं भाभी आत जिवंत असताना त्यांच्या उंबऱ्यात उभं राहून बोलायचे लोक! मी कडाकडा भांडले. फोनमुळेच झालं असं म्हणायला पुरावा नाही, अभ्यास अजून चालू आहेत, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. पण कुणीतरी गल्लीतलं ते बोलणं सलीमच्या कानावर घातलंच, आणि त्यानं आईशी फोनवर बोलणं बंद केलं. भाभींनी लावला तर कापायचा. खुशाली वडिलांना विचारायचा. आमच्याकडे वायरचा फोन होता, पण भाभींना अंथरुणातून उठवत नव्हतं. मोबाईल उशाशी घेऊन पडून असायच्या. "त्याला सांगा की, म्या काय आता ऱ्हात न्हाई. मंग बोलायला कशापायी भ्यायचं?" म्हणाल्या. मी त्याला कळवलं. तो रडायलाच लागला. "मावशी, म्या माज्या हातानं अम्मीला मारू व्हय?"... मुलाचा आवाज न ऐकताच भाभी गेल्या, आणि मला अजून राग येतो. कुणाचा, ते मात्र कळत नाही.

सलीम पोचला तो दफन झाल्यावर. गेल्या आठवड्यात तो पुण्याला त्या डॉक्टरांना भेटून आला आणि थेट भाभींच्या खोलीत जाऊन बसला. कोपऱ्यात टोपली तशीच होती, वर फडकं झाकलेलं. "डॉक्टर म्हणत्यात, फोननं झालं असं न्हाई सांगता येत," तो म्हणाला. मला वाटलं, चला, पोराच्या मनावरचं ओझं उतरलं. त्यानं वर पाहिलं, तेव्हा त्याचा चेहरा बघवेना.

"न्हाई मावशी, फोननंच झालं. तसं नसंल, तर म्या तिला उगाच..."

ज्या गोष्टीसाठी मी अख्ख्या गल्लीशी वैर घेतलं, ती मी त्या खोलीत सोडून दिली.

"व्हय रे बाळा," मी म्हणाले, "फोननंच झालं."