घोट्यातला ‘कट्’

मंडळी, आज माझं डोकं पार गोंधळलंय.

वडगावात माझे चार पॉवरलूम आहेत. दुसऱ्याच्या मागावर राबून एकेक घेतलेले. आवाज जरा बदलला की मी माग बंद करतो, नाहीतर साडी बिघडते. याच कानांवर धंदा उभा केला.

गेल्या वर्षी घोटा मुरगळला. सूज गेली, दुखणं काही गेलं नाही. चालताना आत ‘कट्’ वाजायचं, म्हणून मी चालणंच बंद केलं. माग आता धाकटा भाऊ बघतो, मी खुर्चीत.

आज बेळगावात फिजिओथेरपीच्या मॅडमनी पाय फिरवला. कट्!

“ऐकलंसा न्हवं?” मी म्हणालो.

“ऐकलं. आवाज येताना दुखतं?”

“तवा न्हाय. लई चाललं की दुखतंय.”

“मग आवाजाला भिऊ नका, आप्पा. एक्स-रे चांगला आहे. बसून बसून घोट्यातली ताकद गेलीय. रोज भिंतीला धरून एका पायावर उभे राहा. थोडं दुखलं तर चालेल. सूज आली, दुखणं वाढलं, तर लगेच या.”

घरी येऊन उभा राहिलो. कट्!

बायको ओरडली, “अवो, बसा की खाली! पाय मोडून घेतायसा काय?”

बसलो. उठलो. परत बसलो.

मॅडमचं पटतंय, पण आवाज आल्यावर न थांबणं मला जमतच नाही. वर्षभर मला दुखण्यानं बसवलं की माझ्याच कानांनी?

कुणाचा जुना घोटा व्यायामानं सुधारलाय का? असेल तर लिहा. बायकोला वाचून दाखवतो आणि मगच उठतो.