रिकामे कोनाडे

भट्टीतून एखादं भांडं फाटून निघालं की हेमाताई ते फेकत नसत. दाराजवळच्या फळीवर ठेवत आणि आपल्याशी वाईट वागलेल्या एखाद्या माणसाचं नाव त्याला देत. वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या गाळ्यात मी डिझाइनच्या कामासाठी पहिल्यांदा गेले, तेव्हा एका तिरक्या सुरईकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "हा माझा मोठा दीर. वरून चकचकीत, आत हवा."

हसावं की नाही, मला कळेना. "सॉरी," मी म्हटलं.

"कॉन्व्हेंट का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "चालेल. माती इंग्लिशमध्ये पण फाटते."

ताई बाळकुम गावच्या. वडील मिठागरावर कामाला होते आणि मिठाच्या ढिगांचे आकार ताईंच्या डोक्यातून कधी गेले नाहीत. ते आकार मी कॉम्प्युटरवर काढायचे. मग यंत्र नळीतून ओल्या मातीची वळी सोडत, एकावर एक थर रचत रांजण उभा करायचं. रांजण त्याच्या खांद्यापर्यंत, म्हणजे मान सुरू होते तिथवर, आला की ताई यंत्र थांबवत. आत हात घालून, डोळे मिटून, तळव्याने भिंत सगळीकडून दाबत. मगच मान चढायची. "तुझं मशीन नुसतं रचतं गं. एकमेकांना धरून राहा, हे मातीला कोण सांगणार?" हे दाबणं माझ्या फाइलमध्ये कुठेच नव्हतं.

एका नव्या हॉटेलच्या लॉबीतल्या कोनाड्यांसाठी रांजण हवेत, म्हणून समीर नावाचा इंटिरिअर डिझायनर आला. 'ताई, ताई' करत त्याने फक्त बघायला म्हणून फाइली मागून घेतल्या आणि मग फोन उचलणं बंद केलं. पुढे इन्स्टाग्रामवर आमच्या रांजणांची चित्रं दिसली, खाली त्याचं नाव. कुठल्याशा कारखान्यात तो ते बनवून घेत होता.

मला वाटलं, ताई वकील गाठतील. त्यांनी चहा ठेवला. "थांब. येईल त्याचा फोन."

आला. ताईंनी स्पीकर लावला.

"ताई, सगळे पीस खांद्याला फाटतायत हो. फाइलमध्ये काही एरर आहे का?"

"छे रे. फाइल एकदम बरोबर आहे. आहे तशीच कर."

फोन ठेवून त्यांनी चहात साखर जरा जास्तच घातली.

मग त्याने मला गाठलं. "टॅलेंटेड आहेस यार तू. त्या म्हातारीकडे काय सडतेस? माझ्याकडे ये, डिझाइनखाली तुझं नाव टाकतो. फक्त ते का फाटतंय तेवढं सांग."

माझं नाव तोवर कुणीच कशाखाली टाकलं नव्हतं, ताईंनीही नाही. एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, "फाइल बरोबर आहे, सर."

ताईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "सर म्हणालीस?"

"हो."

"मग तर अजून झोंबलं असेल."

हॉटेल उघडायला थोडे दिवस उरले, तेव्हा तो गाळ्यात येऊन बसला. मागाल ते देतो, नावही तुमचंच लावतो, म्हणाला. ताई माती मळत राहिल्या. "नाव माझंच होतं रे. तू काय लावणार?" त्याला चहाही विचारला नाही.

हॉटेल उघडल्यावर ताई मला तिथे कॉफी प्यायला घेऊन गेल्या. ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. कोनाड्यांमध्ये प्लास्टिकची झाडं होती. त्यांनी वेटरला विचारलं, "इथे दुसरं काही येणार होतं का रे?"

"हो मॅडम, मोठी भांडी येणार होती. फुटली म्हणे सगळी."

"अरेरे," ताई म्हणाल्या आणि आणखी एक कॉफी मागवली. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, स्वतःच्या प्रदर्शनातसुद्धा नाही.

गेल्या हिवाळ्यात ताई झोपेतच गेल्या. बाळकुमच्या घरी भेटायला समीरही आला, पांढऱ्या कुर्त्यात. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "माफ केलं असेल ना गं त्यांनी मला?"

चार माणसांत बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. एरवी समोरच्याला हवं ते बोलून मी मोकळी होते.

"नाही केलं," मी म्हटलं. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.