आईच्या नावाचा आहेर

देवावर माझा विश्वास आहे की नाही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. आई होती तोवर त्याचा विचार करायची वेळच आली नाही, कारण आमच्या घरचं देवाचं सगळं खातं तीच सांभाळायची. कराडशेजारच्या मलकापूरपासून जवळच आमचं गाव. तिथल्या खंडोबाशी ती धाकट्या दिराशी बोलावं तसं बोलायची, प्रसंगी त्याला दटावायचीसुद्धा. ती कॅन्सरने गेली आणि मी त्या देवाशी अबोला धरला.

शेवटच्या दिवसांत डॉक्टर म्हणाले होते की या प्रकारच्या कॅन्सरवर अजून नेमकं औषध नाही, संशोधन मात्र चालू आहे. मी तोंड फिरवून रडत होते. आईचा चेहरा उलट उजळला. "चालू हाय म्हंजे कुनीतरी आपल्यासाठी खपतंय की गं. त्यांस्नी कायतरी द्याया पायजे," ती म्हणाली. शेतावरच्या गड्यांना न्याहारी पोचवायची राहिली असावी, तशी तिला घाई झाली होती. मी तिला शब्द दिला.

तो शब्द पाळायला मी दुसरा स्मृतिदिन निवडला. मी पुण्यात नोकरी करते. तिकडे चांगल्या कामासाठी जेवणाची कुपनं विकतात, लोक हौसेने घेतात. मीही कुपनं छापली. देवळापुढच्या मंडपात आचाऱ्याने आमटी-भात आणि मोठ्या काहिलीत गव्हाची खीर शिजवली. पैसे एका कॅन्सर संशोधन केंद्राला द्यायचे ठरले होते. माझे वडील, अण्णा, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. कुपनं बघून त्यांनी नुसता मिशीवरून हात फिरवला.

दुपार झाली तरी पंगत बसेना. माणसं येत, आईच्या फोटोला हात जोडत, कुपनांचं टेबल दिसलं की "आलोच" म्हणून सटकत. शेवटी शेजारच्या आक्कांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गेलेल्या माणसाच्या नावाचं जेवण आपल्यात कुणी विकत घेत नाही, गावाला ते पाप वाटतं. हे मला, याच गावात वाढलेल्या मुलीला, कळू नये? संशोधनाचे पैसे तर बुडणारच होते. शिवाय जिच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही, तिच्या नावाचं अन्न उकिरड्यावर जायची वेळ आली होती. मी तरातरा गाभाऱ्यात गेले आणि दोन वर्षांचा अबोला मोडला. म्हटलं, माझी अक्कल संपली, आता तुझं तू बघ.

बाहेर आले तर देवळाच्या कमानीपाशी एक टेम्पो टायर फुटून उभा होता. माधवनगरची बॅन्ड पार्टी होती ती. कराडच्या लग्नात दोन्ही व्याह्यांची जुंपली आणि बिचारे जेवणाआधीच तिथून निघाले होते. लाल कोटातली ती माणसं प्यायला पाणी मागत होती. अण्णा म्हणाले, "पानी कशाला? जेवूनच जावा." मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी कुपनांचा गठ्ठा गुपचूप टेबलाखाली सारला. बॅन्डवाले खिरीवर तुटून पडले. त्या दिवशीची ती पहिली पंगत.

हात धुताना त्यांच्या मालकाने कार्यक्रम कसला म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं, फजितीसकट. तो हसला. "ताई, जेवान इकू नगा. आहेर पुकारा," म्हणाला. लग्नाबारशात आहेर देणाऱ्याचं नाव माईकवर पुकारतात, ते तर त्याचं रोजचंच काम. त्याने टेम्पोवरचा कर्णा चालू केला आणि पहिला आहेर स्वतःचाच पुकारला, आपल्या आईच्या नावाने. "तिला बी ह्योच कॅन्सर हुता," तो खणखणीत आवाजात म्हणाला. आमच्याकडे त्या आजाराचं नाव कुणी मोठ्याने घेत नाही. ते कर्ण्यावरून गावभर गेलं आणि पाठोपाठ बॅन्ड वाजला.

माणसं घराबाहेर आली. आक्कांनी आपल्या थोरल्या बहिणीच्या नावाने आहेर दिला, कुणी भावाच्या, कुणी चुलत्याच्या. इतक्या घरांतून तो आजार येऊन गेलाय, हे आम्हाला एकमेकांना ठाऊकच नव्हतं. प्रत्येक नावानंतर बॅन्ड वाजायचा, पोरं नाचायची आणि आहेर देणारा डोळे पुसत पंगतीला बसायचा. संध्याकाळी आचारी काहील खरवडत होता.

शेवटी अण्णा उठले. मालकाने विचारलं, "कुनाच्या नावानं, सुभेदार?" अण्णांचा हात मिशीवर गेला. आयुष्यभर त्यांनी आईला "अगं" म्हणूनच हाक मारली, तिचं नाव त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नव्हतं. मागून आक्का म्हणाल्या, "आवं भावजी, आता तरी घ्या की नाव. उखाण्यात घ्या." सगळा मंडप हसला. अण्णांनी टोपी सारखी केली, साहेबापुढे उभं राहावं तसे ताठ झाले आणि म्हणाले,

"कृष्णा मिळाली कोयनेला, पानी झालं एक,
इंदुमती म्होरं गेली, मागं ठिवून ल्येक."

बॅन्डवाले वाजवायचं विसरले. मी हसत होते आणि रडतही होते, दोन्ही एकदमच, आणि अण्णांनी सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावर हात ठेवला.

पैसे संशोधन केंद्राला पोचले, आईला दिलेला शब्द पाळला गेला. टायर तिथेच का फुटला, याची चौकशी मी करत बसत नाही. रस्ते आमच्याकडचे आहेत, टायर फुटतातच. मला एवढंच कळलं, की मी जे जे नेटकं ठरवलं होतं ते फसलं, आणि हात टेकून जे खंडोबावर सोडलं ते पार पडलं. अण्णांच्या तोंडून आईचं नाव ऐकायला मिळावं, असं मागणं तर मला कधी सुचलंही नसतं. ते त्याने न मागता दिलं.