पानं पिवळी होईपर्यंत

पिपरियाची बस सुटायच्या बेतात असताना बाबांनी खिडकीतून एक कापडी पिशवी आत दिली. पचमढीच्या आमच्या अंगणातले डॅफोडिलचे आठ कंद होते तीत. नवं राज्य झालं होतं, सरकारी नोकरांची वाटणी झाली होती आणि माझ्या वाट्याला रायपूर आलं होतं. आई तोवर गेली होती, बाबा पोस्टातून निवृत्त झाले होते. “तिकडेच राहायला या ना,” मी पुन्हा म्हटलं.

“पोरीच्या घरी का बाप राहत असते?” बाबा म्हणाले. बस हलली, तसे तिच्याबरोबर चालत म्हणाले, “फूल आलं तर सांगजो. फूल पाहाले येईन मी. तो पाहुणचार नाही होत.”

तुमच्यापैकी जे असेच कोणाला मागे ठेवून निघाले असतील, त्यांना कळेल की मी ते वाक्य किती घट्ट धरून ठेवलं.

रायपुरात तेलीबांध्याकडे भाड्याचं घर मिळालं, मागे थोडी माती होती. पचमढीत जानेवारीच्या पहाटे गवतावर दव गोठतं. रायपूरला त्याच महिन्यात दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. मी कंद त्यांच्या उंचीच्या तिप्पट खोल, टोक वर करून लावले, अगदी बाबा लावत तसे. आठही उगवले, फूल एकालाही नाही. दुसऱ्या वर्षी सहा उरले. त्यांनाही पानंच.

“हिरवीगार पानं आहेत, बाबा,” मी फोनवर सांगितलं.

“पानं तर कांद्यालेही येतात.”

मग त्यांनीच उपाय सांगितला. गावात थंडी नसेल तर फ्रिजमध्ये दे. दिवाळीच्या आधीपासून कागदी पिशवीत घालून मी ते कंद खालच्या खणात ठेवले. कामाला येणारी सुखवती हसायची, “दीदी, गोंदली ला फ्रिज म काबर रखथस?” गोंदली म्हणजे कांदा, काबर म्हणजे कशाला. आमचे हे म्हणायचे, “कांदे नाहीत गं, जावई आहेत. गार हवेशिवाय झोप लागत नाही त्यांना.” तरी त्या वर्षी कळ्या आतल्या आत सुकल्या. कारण शोधता शोधता लक्षात आलं, त्याच खणात मी बिही ठेवत होते, म्हणजे पेरू. पिकत्या फळांच्या वायूनं कंदातली कळी मरते, हे बाबांनाही ठाऊक नव्हतं. पचमढीत कंदांना फ्रिज कधी लागलाच नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात फळं बाहेर, कंद आत आणि मग मातीत. जानेवारीच्या शेवटी एका कंदाला फूल आलं, एकच. मी ऑफिसातून फोन केला. दोन गाड्या बदलून बाबा आले. सोबत स्वतःची कणीक आणि तुरीची डाळ होती. पोरीच्या घरचं अन्न खायचं नाही म्हणून. मी त्यांच्या कणकेच्या पोळ्या वेगळ्या लाटल्या. ते फुलाजवळ खुर्ची टाकून बसायचे.

फूल आठवडाभर टिकलं. ते कोमेजलं तशी मी त्यांच्या परतीच्या प्रवासासाठी दशम्यांचं पीठ भिजवलं. बाबांनी वाळलेलं फूल नखानं खुडलं आणि म्हणाले, “आत्ता कसा जाऊ? पानं पिवळी होईपर्यंत कंद त्याइच्यावरच जेवते. कोणी तोडली म्हणजे?”

“मी बघीन ना, बाबा.”

“तू तं दिवसभर ऑफिसात असते.”

ते राहिले. त्यांची कणीक संपली. त्या रात्री पोळ्या एकाच परातीतल्या होत्या. मी मात्र रोज सकाळी पानांचा रंग बघत होते. कडा पिवळसर दिसू लागल्या तशी जास्त पाणी घालू लागले.

“काहून एवढं पाणी घालून राहिली?” बाबा मागून म्हणाले. “कंद सडेल ना, बाई.”

मी पाण्याचा मग खाली ठेवला.

मार्चच्या मध्यात पानं वाळली. बाबांनी कंद काढले, सावलीत सुकवले आणि गेले.

त्यानंतर फूल आलं की ते यायचे आणि पानं वाळली की जायचे. मधला काळ मी कसा काढायची, ते सांगत नाही. तुम्हीही काढताच.

यंदा थंडी पडलीच नाही, फ्रिजची थंडीही कंदांना पुरली नाही. मी फोन केला, “बाबा, यंदा कळी नाही. नुसती पानं आहेत.” यंदा येणं नाही, असं मी मनाशी धरून चालले होते. तेवढ्यात रिसीव्हर बाजूला धरून ते शेजारच्यांना मोठ्यानं सांगताना ऐकू आले, “भैया, कल से दूध मत लेना मेरा. घर जा रहा हूँ, रायपुर.”

मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. इतक्या वर्षांत माझा पत्ता बदलला, मतदारयादीतलं नाव इथं आलं, बोलीत हिंदी शिरली. रायपूरला घर म्हणायचं मात्र माझ्याकडून राहूनच गेलं होतं. ते आधी बाबांनी म्हटलं.