विमान आलं, फुलं आलीच नाहीत

मूर्खपणा मी पुष्कळ केलाय, पण भर घाटावर, माईकवरून, हजार माणसांच्या साक्षीनं केलेला हा एकच. चहा गार झाला तरी चालेल, पण ऐका.

आमच्या आंबेगाव तालुक्यात यात्रेला बैलगाडा शर्यत असते आणि शर्यतीला माझा आवाज. वीस वर्षं घाटावर, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर, पुकारा केला. त्यामुळे माझा ठाम समज, की पब्लिकला अक्कल नसते, ती माईकमधून द्यावी लागते. गावाचं नाव विचारू नका. सोयरीक आहे तिथं.

त्या वर्षी मुंबईच्या एका देणगीदारानं देवळावर आभाळातून फुलं टाकणार अशी हवा केली होती. दुपारी गाडे जेवणासाठी थांबले आणि आळेफाट्याकडून एक पिटुकलं विमान खाली खाली येताना दिसलं. मला तेवढंच पाहिजे होतं.

"पुष्पवृष्टी आली, मंडळी! समद्यांनी घाटाखालच्या रानात या. हात वर करा!"

हजारभर माणूस त्या मोकळ्या रानात गोळा झालं. मेंढरंसुद्धा इतक्या झटकन वळत नाहीत, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

शेजारी तुकाराम उभा होता. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो, आमचा माईकही तोच जोडतो. तो कान देऊन म्हणाला, "भाऊ, आवाज न्हाई येत. इंजिन बंद पडलंय त्याचं. पंखा बी थांबलाय."

आता यानं मला विमान शिकवायचं? मी माईकवरूनच त्याची काढली. "आमचे तुकाराम म्हणत्यात, विमान बंद पडलंय. आरं, ती काय तुझी विहिरीवरची मोटार हाय व्हय, जळायला?" पब्लिक खदाखदा हसलं.

विमान इतकं खाली आलं की काचेतून पायलटचा हात दिसायला लागला. बाजूला व्हा, बाजूला व्हा, अशी खूण चाललेली. मी पुकारलं, "पायलटसाहेब हात करत्यात! आणखी पुढं या!" आणि लोक आले हो पुढं. माझ्या शब्दाला मान होता ना.

तुकारामानं माईक हिसकला. विमान पडतंय, पळा, असलं काही तो बोललाच नाही. एवढंच ओरडला, "बैलं उधळली! गाडा आला!"

आमच्याकडे हे शब्द डोक्यापर्यंत जातच नाहीत, पायच ऐकतात. बघता बघता रान रिकामं झालं. विमान धाडधाड उसळत आलं आणि स्टेजपासून दहा पावलांवर थांबलं. खरं सांगतो, इतका मी जन्मात भ्यालो नव्हतो. माझ्या तोंडापायी माणसं मेली असती.

आतून बावीसेक वर्षांची पोरगी उतरली. पायलटसाहेब म्हणजे ही, शिकाऊ. ओठ पांढरे पडलेले, पण आवाज शांत.

"मोकळं रान बघून मी इकडं वळले होते. त्यात माणसं कुणी आणली?"

घाटावर कधी एकमत होत नाही. सेकंदाच्या फरकावरून लोक एकमेकांची गचांडी धरतात. त्या दिवशी मात्र सगळी बोटं माझ्याकडे वळली. देणगीदारासाठी आणलेली शाल माझ्या हातात होती. काहीतरी करायचं म्हणून मी ती तिला द्यायला गेलो. तिनं ती घेतली आणि तुकारामाच्या खांद्यावर टाकली.

आता पुकारा तोच करतो. मला पार्किंगला उभं केलंय. आणि अजूनही मी कुणाला "या, या, पुढं या" म्हटलं, की गडी आधी ब्रेक दाबतो आणि खिडकीतून डोकं काढून वर आभाळात बघतो.